शेवटचं पान सटवाईचं

पुस्तिकेच्या वरच्या कडेची घडी शाबूत होती. छापलेला मोठा कागद दुमडून शिवला की पानं वरच्या बाजूनं एकमेकांना जोडलेली राहतात. ती वाचणाऱ्यानं सुरीनं फाडून घ्यायची असतात. फाडली की कडेवर बारीक लव उभी राहते. इथं लव नव्हती. घडी पट्टीनं आखावी तशी सरळ होती, म्हणजे आतल्या पानांवर अजून उजेडच पडलेला नव्हता.

सत्यभामाबाईंनी हे हात न लावता पाहिलं. हात लावायची सोयही नव्हती. पुस्तिका देव्हाऱ्यात होती, बाळकृष्णाच्या शेजारी, भिंतीला टेकवून उभी. मुखपृष्ठावर देवीचं चित्र होतं. देवीच्या कपाळी ओलं कुंकू होतं, पायाशी झेंडूचं फूल होतं, आणि उदबत्तीची राख पुस्तिकेच्या नावावर पडली होती. नाव होतं ‘बाळंतिणीची खोली’.

देव्हारा सुनगावच्या अन्नपूर्णाबाईंचा आणि पुस्तिका सत्यभामाबाईंनी स्वतः लिहिलेली. आतल्या खोलीत अन्नपूर्णाबाईंची सून रुक्मिणी बाळंत होऊन पडली होती. आज सहावा दिवस. बाळाच्या बेंबीवर गावच्या सुइणीनं चुलीतली राख दाबली होती. ती सत्यभामाबाईंनी उकळलेल्या पाण्यानं आत्ताच पुसून काढली होती. नाळेला राख लावू नये हे त्या पुस्तिकेत ठळक अक्षरांत छापलं होतं. घडीच्या आत.

बाळ मुठी वळून झोपलं होतं. अंगाला ताप नव्हता, दूध ओढून पीत होतं. काळजीचं काही नव्हतं, म्हणून देव्हाऱ्यासमोर उभ्या असताना सत्यभामाबाईंना हसू आलं, आणि ते त्यांनी पदरात लपवलं.

सत्यभामाबाई जळगाव जामोदच्या दवाखान्यात नर्स होत्या. नागपूरला शिकून आल्या त्याला बरीच वर्षं झाली होती. तालुक्यात गावं पुष्कळ आणि त्या एकट्या. त्या पोचत तिथं नाळ उकळलेल्या पात्यानं कापली जाई. न पोचत तिथं विळा, खुरपं, जे हाताला लागेल ते. आपण पोचत नाही तिथं पुस्तक पोचेल, एवढ्या साध्या विचारानं त्यांनी ते लिहिलं. लिहून झालं, तपासून झालं, पुन्हा लिहून झालं, आणि मग फडक्यात बांधून कपाटात जाऊन बसलं. कारण पुस्तक पदरमोड करून छापल्यावर त्याचं काय होतं, हे त्यांनी घरातच पाहिलं होतं.

त्यांचे यजमान शेषराव शाळेत मास्तर. तरुणपणी त्यांनी वऱ्हाडचा सगळा भूगोल ओव्यांमध्ये रचून छापला होता. पूर्णा नदी, सातपुडा, सरकी काढायचे कारखाने, रेल्वेची स्टेशनं, सगळं यमकात. मुलं घडाघडा पाठ करतील अशी कल्पना होती. मुलांची आणि पुस्तकाची गाठ कधी पडलीच नाही. मित्रांनी पाठ थोपटून फुकट प्रती नेल्या आणि उरलेला ढीग खाटेखाली गेला. त्यातला एक गठ्ठा खाटेच्या लंगड्या पायाला टेकू म्हणून होता. बाकीच्यांतून दर उन्हाळ्यात लोणच्याच्या बरण्यांच्या तोंडाला बांधायला दादरे मिळत. शेषरावांनी त्याचं दुःख कधी केलं नाही. पाहुणा आला की ते खाटेवर थाप मारून सांगत, “माह्या भूगोलावर या घराचा भार आहे.”

सत्यभामाबाई प्रत्येक वेळी हसत, पण छापायचं म्हटलं की त्यांचा पाय मागे येई. भूगोल कुणी वाचला नाही म्हणून सातपुडा जागचा हलला नव्हता. त्यांचं पुस्तक खाटेखाली गेलं तर मात्र सुनगावच्या विळ्याला आणि चुलीतल्या राखेला कुणी अडवणार नव्हतं.

गावात छापखाना एकच होता, नारायणरावांचा. लग्नपत्रिका, जत्रेची पत्रकं, अडत्यांच्या जाहिराती, असं तिथं छापलं जाई. रस्त्यात भेटले की ते विचारत, “बाई, छापाचं का?” आणि सत्यभामाबाई म्हणत, “बघू.” हे सवाल-जवाब इतकी वर्षं चालले होते की लोक त्याला राम राम समजत. पण त्या साली विलायतेत लढाई पेटली आणि बाजारात कागद दिसेनासा झाला. नारायणरावांकडे आधी घेऊन ठेवलेली रिमं होती. एका पुस्तकाला एकदा पुरतील इतकी. ती त्यांनी बाईंसाठी झाकून ठेवली होती, पण किती दिवस ठेवणार? दसरा झाला तसं त्यांनी सांगून टाकलं, की तुळशीचं लग्न लागलं की पत्रिकांचा रेटा सुरू होतो. तोवर थांबतो, नंतर माझा इलाज नाही.

कागद एकदाच मिळणार होता. छापण्यात चूक झाली तर लढाई संपेपर्यंत दुरुस्तीची सोय नव्हती. तेव्हा सत्यभामाबाईंनी दवाखान्यातली रीत धरली. नवं औषध आलं की बाटली रिकामी करत नाहीत. थोडं देतात आणि वाट पाहतात. त्यांनी पुस्तकातली सगळ्यात गरजेची पानं निवडली आणि तेवढाच एक फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर मावतील तेवढी पानं, नमुन्याला छापायला सांगितला.

मुखपृष्ठाला ठसा नारायणरावांनी निवडला. जत्रेच्या पत्रकावरची देवी, त्यांच्याकडचा सगळ्यात देखणा ठसा. देवी असली की कोणी कागद फेकत नाही, असं त्यांचं म्हणणं. वाटायचं काम बिल्किसनं घेतलं. ती बांगड्या भरणारी; परका पुरुष ओसरीच्या पुढं पाऊल टाकू शकत नाही तिथं ती थेट माजघरात जाऊन बसे. बांगड्यांच्या पेटीबरोबर तिनं पुस्तिकांची पिशवी नेली आणि थोड्याच दिवसांत रिकामी आणून छापखान्याच्या उंबऱ्यावर झटकली. एकही परत आली नव्हती.

नारायणरावांनी लगेच शाई खलायला घेतली. सत्यभामाबाई म्हणाल्या, थांबा, मी पाहून येते. संपल्या त्यात पाहायचं काय, असं त्यांनी विचारलं. संपल्या ते खरं, बाई म्हणाल्या, पण वाचल्या का? आणि दुसऱ्याच दिवशी रुक्मिणीच्या बाळाला पाहायचं निमित्त झालं.

आता अन्नपूर्णाबाई चहाचं पातेलं चुलीवरून उतरवत होत्या. सत्यभामाबाईंनी त्यांना अगदी साधेपणानं विचारलं, की पुस्तिका उघडून पाहिली का.

“उघडू कशी, माय?” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. “देवीले फाडू काय?”

“पण आत बाळंतिणीसाठी लिहिलंय. खोलीत न्यायला पाहिजे होतं.”

अन्नपूर्णाबाईंनी पातेलं खाली ठेवलं आणि या नर्सबाईला एवढंही कळू नये, अशा नजरेनं तिच्याकडे पाहिलं. “तिथं विटाळ आहे. देवीले विटाळात नेऊ म्हणता? तुमी शिकेल-सवरेल बाई.”

सत्यभामाबाईंनी पुन्हा देव्हाऱ्याकडे पाहिलं. नारायणरावांचं म्हणणं शब्दशः खरं झालं होतं. देवी असली की कोणी फेकत नाही. आणि जिथं पुस्तकाची गरज तिथं कोणी नेतही नाही.

“देवी नसती तर नेलं असतं?”

अन्नपूर्णाबाईंनी विचार केला. पितळी भांडं आत गेलं तर राखेनं घासून घेता येतं, त्या म्हणाल्या. लुगडं धुता येतं. मडकं टाकून देता येतं. कागद ना घासता येत, ना धुता येत. नेला तर दहाव्या दिवशी मडक्यांबरोबर जाणार. मग विकत घेऊन कोण नेईल?

“मले कोनी बाहीरून वाचून दाखवलं असतं तं चाललं असतं,” आतून रुक्मिणीचा आवाज आला. ती सगळं ऐकत होती. “सहा दिवस झाले, छतावरच्या बल्ल्या मोजून राह्यली मी. वाचणाऱ्यानं उंबऱ्याच्या बाहीर बसावं, मी अंदर आयकीन. आवाजाले कुठं विटाळ असते?”

“हे पाहा,” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. “पोरगं झालं अन् तोंड फुटलं हिले.” पण त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, नातू झाल्यापासून त्यांना कशाचाच राग येत नव्हता.

बोलता बोलता त्या संध्याकाळच्या तयारीला लागल्या. सहावा दिवस म्हणजे सटवाईची पूजा. रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहून जाते. त्यांनी पाटा धुऊन भिंतीशी उभा केला, वरवंटा ठेवला, हळदीची वाटी ठेवली. मग फडताळातून एक दौत, बोरूची लेखणी आणि एक कागद काढला, आणि ते सगळं ताटात घालून बाळंतिणीच्या खोलीकडे निघाल्या.

सत्यभामाबाईंच्या हातातला चहा तोंडाशी थांबला. “अन्नपूर्णाबाई, कागद आत नेताय तुम्ही.”

“सटवाईचा हाये तो. तिले विटाळ नाही. तिचं कामच तिथं.”

“आणि दहाव्या दिवशी?”

“तो टाकत नाहीत. आमच्या घरची रीत हाये, लेकरू चालू लागेपावतर उशाखाली राह्यते.”

सत्यभामाबाईंनी चहा खाली ठेवला. देव्हाऱ्यातली पुस्तिका दाखवून त्यांनी विचारलं, की मुखपृष्ठावर देवी नसती, तर सटवाईपुढे हेच ठेवलं असतं का?

अन्नपूर्णाबाई हसल्या. “छापील कागदावर ती कुठं लिहीन, माय? तिले जागा नको?”

सुनगावहून परतताना रेंगीत बिल्किस बरोबर होती. गाडीवान पुढं गाणं म्हणत होता, बैलांच्या गळ्यांतली घुंगरं वाजत होती आणि उत्तरेला सातपुड्याची रांग उन्हात निळी दिसत होती. कापूस फुटायला लागला होता. सत्यभामाबाईंनी देव्हाऱ्याची हकीकत सांगितली तेव्हा बिल्किस इतकी हसली की बांगड्यांची पेटी तिला दोन्ही हातांनी धरावी लागली. मग तिनं कबूल केलं, की तिनं पुस्तिका दिल्या त्या सगळ्या घरांत हेच झालं असणार. एका घरी तर तिच्यादेखत आरती झाली होती, आणि तिला वाटलं, बाईंच्या पुस्तकाचा काय मान आहे.

“मग सांगितलं का नाहीस, आपा?”

“मले वाटलं, तुमच्यात पुस्तक असंच वाचतात.”

आता हसायची पाळी सत्यभामाबाईंची होती. हसू ओसरल्यावर बिल्किसनं आणखी एक गोष्ट सांगितली. आपल्या मोहल्ल्यात तिनं एकही प्रत दिली नव्हती. देवीचं चित्र घेऊन कुणाच्या दारात जाणार? आणि गरज तर तिच्याच घरी होती. तिची सून सायरा दिवाळीच्या आसपास बाळंत होणार होती.

“तुमच्यात सहाव्या दिवशी काही करतात?” सत्यभामाबाईंनी विचारलं.

“छठी करतो ना. आमच्या घरी तं कागद-कलम ठेवतात लेकराजवळ. लिहिणारा वेगळा, एवढंच.”

 सत्यभामाबाईंचं मन आता एकामागून एक अडचण उचलून पाहत होतं. शेवटचं पान कोरं ठेवलं तर पुस्तक खोलीत जाईल, आणि टिकेलही. पण ते जाणार सहाव्या दिवशी. नाळ कापतात पहिल्या. सहाव्या दिवशी वाचून उपयोग काय? पुस्तक त्याच्या कितीतरी आधी घरात यायला हवं. आणि येऊन पडून राहायला नको. कुणाच्या तरी कानावर जायला हवं.

“आपा, सातव्या महिन्यात ओटी भरतात तेव्हा हिरवा चुडा तूच भरतेस ना?”

“दुसरं कोन भरते?”

“किती वेळ लागतो?”

बिल्किसनं बोटं चोळून दाखवली. काच आहे, ती म्हणाली, घाई केली तर फुटते, आणि त्या दिवशी बांगडी फुटणं बरं नाही. हात तेल लावून मऊ करायचा, एक एक चढवायची. “तेवढा येळ बाई कुठंच पळून जाऊ शकत नाही. हात माह्या हातात. तिच्या सासूचं, जावेचं, सगळ्यायचं ध्यान तिथंच. तवा मी काहीबी बोलली तं आयकतात.”

“मग तू बोलू नकोस,” सत्यभामाबाई म्हणाल्या. “त्यांच्यातल्याच एखादीला वाचायला लाव.”

दुसऱ्या दिवशी छापखान्यात भांडण झालं. तिघेही मनापासून भांडत होते, आणि त्यातले शेषराव केवळ मजा म्हणून. देवी काढायला नारायणराव कसेबसे तयार झाले. छपाईचे मोठे खिळे वापरायलाही हरकत नव्हती. उंबऱ्याबाहेर, अंधाऱ्या ओसरीत बसून वाचायचं तर अक्षर मोठं हवं, हे त्यांना पटलं. पानांच्या घड्या आधीच फाडून द्यायच्या, हे शेषरावांनी अंगावर घेतलं. धडे विषयवार होते ते दिवसवार लावायचे, कळा सुरू होतात त्या वेळेपासून पुढं, यालाही नारायणराव हो म्हणाले. पण शेवटचं पान दोन्ही बाजूंनी कोरं सोडायचं म्हटल्यावर त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला.

“बाई, कागद भेटून नाही राह्यला. लोकं पत्रिका छापाले रद्दी घिऊन येतात. अन् तुमी मले कोरं पान विकाले सांगता?”

“तेच पान विकलं जाणार आहे, नारायणराव. बाकीची त्याच्याबरोबर जातील.”

“मी उभ्या जन्मात असं पुस्तक पाह्यलं नाही.”

“मी पाहिलंय,” शेषराव म्हणाले. “माझं. त्यात कोरी पानं नव्हती म्हणून ते पडलं. नदीचं एखादं खोरं रिकामं ठेवलं असतं तर लोकांनी धोब्याचा हिशेब लिहायला तरी नेलं असतं.”

नारायणरावांनी हसून पुन्हा चिमटा उचलला. नमुन्याचा दुसरा फर्मा निघाला तो हिरव्या शाईच्या वेलबुट्टीचा. चित्र नाही, ठसा नाही. नुसती वेल, बांगडीवर असते तशी. शेवटचं पान कोरं. शेषराव रात्रीच्या जेवणाआधी ओसरीत बसून सुरीनं घड्या फाडत आणि फाडलेल्या प्रत्येक प्रतीवरून अंगठा फिरवून म्हणत, घे, आता सबब नाही. पानांच्या कडेची लव त्यांच्या धोतरावर पांढरी पसरे.

या खेपेला बिल्किस चुड्याची हिरवी बांगडी जिथं मागतील तिथंच पुस्तिका देई, आणि दिवस भरत आलेल्या बायकांना आठवणीनं. परत आली की ती हकिकती सांगे. एका घरी वाचणारी जाऊ इतकी रंगली की बांगड्या भरून झाल्या तरी उठेना, आणि बिल्किसला दुसऱ्या हाताच्याही काढून पुन्हा भरायची वेळ आली. एका घरी सासऱ्यानं ओसरीतून विचारलं, काय चाललंय, तर सगळ्या बायकांनी एकदम सांगितलं, देवाचं. आणि दिवाळीच्या पाडव्याला सायराला मुलगी झाली. बिल्किसनं स्वतः पातं उकळलं. सुईण कुरकुरली तेव्हा तिला पान काढून दाखवलं. बिल्किसला मराठी वाचता येत नव्हतं, पण कुठलं पान ते तिला डागावरून ठाऊक झालं होतं, कारण त्यावर तिचं तेल सांडलं होतं.

सत्यभामाबाईंना हे सगळं गोड वाटलं, पण त्या बिल्किसच्या सांगण्यावर थांबल्या नाहीत. बिल्किस त्यांची मैत्रीण होती. मैत्रिणीच्या तोंडून चांगलंच ऐकू येतं. तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी त्या आसलगावला गेल्या. तिथं एका घरी परवा बाळंतपण झाल्याचं दवाखान्यात कळलं होतं. घर ओळखीचं नव्हतं, आणि पुस्तकाचं नावही त्यांनी कुणापुढं काढलं नाही. तपासायला आले, एवढंच म्हणाल्या.

अंगणात पाय ठेवला तेव्हाच आवाज ऐकू आला. बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर तिची नणंद पाटावर बसून वाचत होती. चार इयत्ता शिकलेली असावी. अक्षरांवरून बोट फिरवत, शब्द तोडत तोडत वाचत होती. वाक्याच्या शेवटी तिचा दम संपे. शेजारी सूप घेऊन सासू तांदूळ निवडत होती.

“बा-ळा-ला पहि-लं दूध पि-ळून टा-कू नये,” नणंद वाचत होती.

“परत वाच,” सासू म्हणाली.

“आता तीनदा वाचलं, माय.”

“मंग चौथ्यांदा वाच. मी माह्या साऱ्या लेकरायचं टाकलं. कोनी सांगतलंच नाही व मले.” मग खोलीकडे तोंड करून तिनं विचारलं, “काय व, आयकून राह्यली ना?”

“हाव,” आतून आवाज आला. “तुमी मधात बोलता, तेवढं सुटते.”

कोपऱ्यात गावची म्हातारी सुईण पाय पसरून बसली होती. सत्यभामाबाईंनी तिला हळूच विचारलं, नाळ कशानं कापली. उकळलेल्या पात्यानं, ती म्हणाली, आणि वर तोंड वाकडं केलं. पुस्तकात आहे म्हणून नव्हे. या पोरी पंधरा दिवस रोज तेच घोकून राहिल्या, त्यांचं तोंड बंद करायला म्हणून. राख लावली का? तर नाही, राख लावू देतात कुठं.

सत्यभामाबाईंनी पुस्तिका मागितली. नणंदेनं ती जरा अनिच्छेनंच दिली आणि लगेच परत हवी म्हणून बजावलं. पहिल्या पानावर हळदीचं बोट होतं. आत खोबरेल तेलाचा डाग तीन पानं आरपार गेला होता. एक कोपरा कुठल्या तरी थोरल्या भावंडानं चावला होता, शिवण सुटली होती म्हणून लुगड्याच्या काठाची चिंधी घालून पुन्हा बांधली होती. दवाखान्यात अशी वस्तू दिसली असती तर सत्यभामाबाईंनी ती चिमट्यानं उचलून बाहेर टाकायला लावली असती. त्यांनी ती दोन्ही हातांत धरली आणि त्यांना वाटलं, इतकं सुंदर पुस्तक आपण पाहिलेलं नाही.

शेवटचं पान तेवढं स्वच्छ होतं. ते मधोमध दुमडून त्यावर एक कागदाची पट्टी चिकटवली होती, कुणी हात लावू नये म्हणून.

“सटवाईचं हाये ते,” सासूनं सांगितलं. “अजून तिचा दिवस याचा हाये.”

सत्यभामाबाईंनी बाळ तपासलं, बाळंतीण तपासली. दोघंही ठणठणीत. त्यांनी हात धुतले. सासूनं गूळ-पोहे पुढं केले आणि म्हणाली, की हे पुस्तक अर्धंच आहे. पुढचे दिवस कुठं मिळतात? चाळीस दिवसांचं पुरं असेल तर आम्हाला एक आणि माहेरी द्यायला एक पाहिजे. बाई शहरातल्या, त्यांना ठाऊक असेल.

सत्यभामाबाई म्हणाल्या, मी चौकशी करते.

गावी पोचल्या तेव्हा उन्हं कलली होती. त्या घरी गेल्या नाहीत, सरळ छापखान्याकडे वळल्या. तिथं शेषराव आधीच येऊन बसले होते, आणि एक जाडसर गृहस्थही, पागोटं मांडीवर घेऊन. मुलीचं लग्न ठरलं होतं. पत्रिका हव्या होत्या, दोन रंगांत, गणपतीच्या ठशासह, आणि कागद चांगला पाहिजे होता. झाकलेली रिमं त्यांनी कुठून तरी पाहिली होती आणि त्यांची नजर तिथून हलत नव्हती. नारायणराव अवघडून उभे होते. बाई दारात दिसताच त्यांचा जीव भांड्यात पडला आणि लगेच पुन्हा बाहेर आला, कारण इतक्या वर्षांचं उत्तर त्यांना पाठ होतं.

तरी त्यांनी रिवाजाप्रमाणं विचारलं. “बाई, छापाचं का?”

शेषरावांनी बायकोच्या तोंडाकडे पाहिलं आणि हळूच आपली टोपी डोक्यावरून काढून गुडघ्यावर ठेवली. पागोटंवाले गृहस्थ उत्सुकतेनं पुढं वाकले.

सत्यभामाबाई चालून आल्यामुळं धापा टाकत होत्या. त्यांनी जरा दम खाल्ला. मग त्या म्हणाल्या, “छापा, नारायणराव. पुरं चाळीस दिवसांचं, सगळ्या कागदावर, अन् उद्याच सुरू करा.”